पुढच्या खोलीचं अपील

८ जून, रविवार. काम: घर मोजणे.

सकाळी सात वाजता मी वही-पेन्सिल घेऊन अंगणात उभी होते. माझ्या सासूबाई पदर खोचून, गळ्यात टेप टाकून बाहेरच्या भिंतीवर खडूच्या रेघा मारत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यातली पन्नास वर्षं शिवणकामात गेलेली. हार्डवेअरच्या दुकानातून पोलादी टेप आणते म्हटलं, तर म्हणाल्या, "याला काय झालंय? ह्याच टेपनं अर्धं म्हैसूर मापात बसवलंय मी."

खडूची रेघ, टेप पुढे, परत रेघ. बेरीज त्या मनातल्या मनात करत होत्या. भिंतीच्या टोकाला पोचल्या की आकडा ओरडायच्या, मी लिहून घ्यायची. लांबी तीनशे बहात्तर इंच, रुंदी तीनशे दहा इंच. वीस मिनिटांत घर मोजून झालं.

पंधरा दिवसांपूर्वी घरपट्टीच्या कार्यालयातून नोटीस आली होती. आमच्या पुढच्या खोलीची नोंद 'दुकान' अशी झाली आहे, यापुढे व्यापारी दरानं आकारणी होईल, हरकत असल्यास तीस दिवसांत नकाशा आणि पुराव्यांसह लेखी कळवावी.

याचं मूळही सासूबाईंच्याच तोंडात होतं. मे महिन्यात एक माणूस घरांची पाहणी करत आला. मी बाजारात होते. त्यानं पुढच्या खोलीत पाहिलं, तर तीन शिलाई मशिनी, दोरीवर एकाच रंगाची वीस पोलकी, आणि बाकावर मापं द्यायला बसलेल्या चार बायका. त्यानं विचारलं, "टेलरिंग का, अज्जी?" यांनी छाती पुढे काढून सांगितलं, "मग! पन्नास वर्षं झाली." त्यानं नोंद करून टाकली. त्याला तरी काय दोष द्यायचा?

खरी गोष्ट अशी की आमचं मार्केटजवळचं दुकान सासरे गेल्यावर बंद केलं, त्याला पंधरा वर्षं झाली. सासूबाई आता फक्त आमच्या विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळाच्या बायकांची पोलकी शिवतात. शिलाई घेत नाहीत. बायका नारळ आणतात, पानं आणतात, आणि तासभर बसून गावभरच्या बातम्या आणतात.

नोटीस वाचून दाखवली तेव्हा सासूबाईंनी सुई पोलक्यात खोचली ती तशीच ठेवली. उठून तिन्ही मशिनींवर चादरी घातल्या. "माझ्यापायी घराचं दुकान झालं. विकून टाका मशिनी. लष्कर मोहल्ल्यात जुन्या मशिनी घेतात."

"आई, मी बघते काय ते."

"तू काय बघणार? शाळा बघ तुझी."

दुसऱ्या दिवसापासून त्या रिकाम्या, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात. मोहरीचा डबा आठवड्यात तीनदा जागा बदलून बसला. सांबारात गूळ वाढला. मी कांदा उभा चिरला की त्या आडवा का नाही विचारायच्या, आडवा चिरला की उभा का नाही. आमचं एकमेकींवर प्रेम आहे, पण ते दोन वेगळ्या खोल्यांत जास्त चांगलं टिकतं. पुढची खोली परत घर ठरली पाहिजे आणि त्या मशिनीवर परत बसल्या पाहिजेत, याचं मला जितकं पडलं होतं तितकं व्यापारी दराचंही पडलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "माझ्या ओळखीचा एक वकील आहे."

"तो काय करेल?"

"अर्ज लिहील, कागद जोडील."

"कागद कुठून आणेल?"

"आपल्याकडून."

"मग मधे तो कशाला?"

नवऱ्यानं पेपर वर केला. हे त्याचं होकार देणं.

अर्ज मी कन्नडमध्ये लिहिला. मराठी आमची घरात बोलायची भाषा. सही करायची, भांडायची आणि सरकारशी बोलायची भाषा कन्नड. एक पान. खोलीला पाटी नाही, व्यवसायाचा परवाना नाही, विजेचं मीटर घरगुती, दुकान बंद केल्याची पावती सोबत. शेजारच्या दोन घरांची लेखी साक्ष. मंदिराच्या समितीचं पत्र, की शिवणकाम सेवा म्हणून होतं. घर बांधतानाच्या मंजूर नकाशाची ट्रंकेतून काढलेली, घडीवर फाटलेली झेरॉक्स. आणि शेवटी आमचा रविवारचा नवा नकाशा, पट्टी लावून नीट काढलेला. गणिताच्या बाईला शोभेल असा.

खिडकीवरच्या कारकुनानं कागद चाळून विचारलं, "वकील नाही?"

"नाही."

"मग उद्या या, साहेब नाहीत."

"साहेब नसले तरी शिक्का आहे ना? पोच द्या, तारखेसकट."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं मी सातवी-आठवीतल्या मुलांकडे ज्या नजरेनं पाहते, ती नजर मी त्याच्यावर रोखली. शिक्का बसला.

सुनावणी महिनाअखेरीला होती. दरम्यान एकादशी येऊन गेली आणि भजनी मंडळ सात रंगांच्या पोलक्यांत उभं राहिलं. नवी पोलकी बाह्यांविना आमच्या दोरीवर लटकत होती. मृदंगवाल्यानं विचारलं म्हणे, "आज काय, रंगपंचमी?" सासूबाई घरी येऊन ते सांगताना हसल्या नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

सुनावणीला येऊ नका म्हटलं तरी त्या आल्याच. रेशमी साडी, केसांत मोगरा, हातात पिशवी. अधिकारी माझ्याच वयाच्या बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं.

"अज्जी, तुम्ही शिवता?"

"शिवते."

"पैसे घेता?"

"देवाच्या दारात गाणाऱ्यांकडून? नारळ घेते. नारळावर घरपट्टी असेल तर सांगा, अर्धा आणून देते."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी मीटरचं बिल पाहिलं, मंदिराचं पत्र पाहिलं, साक्षी पाहिल्या. मान डोलत होती. मला वाटलं, पाच मिनिटांत घरी. मग त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, दुकानाचं राहू दे. तुमचं घर मंजूर नकाशापेक्षा पन्नास चौरस फूट मोठं कसं? वाढीव बांधकाम केलंय?"

"नाही."

"हे तुम्हीच लिहून दिलंय. खाली तुमचीच सही आहे."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. वकील न लावता मी स्वतःच्या हातानं अनधिकृत बांधकामाचा पुरावा जोडून दिला होता. मी कागद ओढून घेतला. मंजूर नकाशात तीस बाय पंचवीस फूट. माझ्या नकाशात तीनशे बहात्तर इंच आणि तीनशे दहा इंच. आकडे पाहिले की ते फोडून बघायची मला सवय आहे. दोन्हींना बासष्टनं भाग जात होता. सहा बासष्टे, पाच बासष्टे. टेप मात्र साठ इंचांचा.

मी मराठीत विचारलं, "आई, टेप एकदा पूर्ण लागला की तुम्ही किती धरत होतात?"

"बासष्ट."

"टेप साठचा आहे."

"साठ माप, दोन शिलाईला." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तेवढंही सोडायचं नाही का? उद्या उसवून वाढवायची वेळ आली तर?"

मी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, "काय झालं? मलाही सांगा." मी सांगितलं. आधी दारातला शिपाई हसला, मग शेजारच्या टेबलावरचा कारकून, पोच देणारा तोच. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"अज्जी, भिंतीला शिलाई सोडली?"

"सवय आहे, ताई," सासूबाई जराही न ओशाळता म्हणाल्या. पिशवीतून टेप काढून टेबलावर ठेवला. "या मोजायला. तुम्हीच धरा एक टोक."

"हसण्यावर आदेश निघत नाही," बाई म्हणाल्या. "निरीक्षक पाठवते. तो मोजेल, खोलीही पाहील."

निरीक्षक दोन दिवसांनी संध्याकाळी आला. त्याच्याकडे लाल ठिपक्याचं यंत्र होतं. भिंतीवर ठिपका टाकला की आकडा हजर. सासूबाई त्याच्या मागे मागे. घर नकाशाबरहुकूम निघालं, तीस बाय पंचवीस. त्यानं पुढच्या खोलीतल्या चादरी उचलून मशिनी पाहिल्या, गिऱ्हाइकाला बसायला त्या एका बाकाशिवाय काही नाही हे पाहिलं, फोटो काढले. निघताना सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सदऱ्याचा डावा खांदा उतरलाय बाळा. कुणी शिवला?"

"आदेश निघेपर्यंत मी तुमच्याकडून सुईसुद्धा घेऊ शकत नाही, अज्जी."

"कोण देतंय? मी फक्त सांगितलं."

आदेश तिसऱ्या आठवड्यात पोस्टानं आला. दुपारी शाळेतून येताच मी पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं. पुढची खोली निवासी वापराची असल्याचं आढळलं, आकारणी पूर्ववत. सासूबाईंनी शेवटचं वाक्य परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा, कारण नवरा तेवढ्यात आत आला होता.

"म्हणजे आयतु?" त्यांनी विचारलं. झालं ना?

"झालं. खोली तुमची."

त्यांनी चादरी ओढल्या, घड्या घातल्या, मधल्या मशिनीवर बसून पायडल दाबलं. मशीन दोन महिने बंद होती. ती कुरकुरली आणि जुना पट्टा तुटून त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो उचलून माझ्यापुढे धरला आणि तोंडानं यादी सुरू केली. मी पेन्सिल शोधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी मी लष्कर मोहल्ल्यात गेले. मशिनींच्या सामानाचं दुकान उघडेपर्यंत समोरच्या टपरीवर उभं राहून कॉफी प्यायले. तीन चामडी पट्टे, तेलाची बाटली, चौदा नंबरच्या सुयांची दोन पाकिटं आणि मरून रंगाच्या दोऱ्याची सहा रिळं घेतली. दुकानदारानं विचारलं, "नवीन टेलरिंग सुरू करताय का?"

"नाही," मी म्हटलं, "घरात वापरायला," आणि बिलावर तसं लिहून घेतलं.