टॅपेट वाजू द्या म्हणणारे गहिनीनाथ सर

गहिनीनाथ सरांचं मला पहिलं दर्शन घडलं ते त्यांच्या चपलांचं. शिरूर कासारहून मोटार मेकॅनिकचा कोर्स शिकायला मी आष्टीला आलो, वर्कशॉपमध्ये शिरलो, तेव्हा सर एका जीपखाली आडवे होते. खालूनच आवाज आला, "कोन हाय बे? नुसता उभा ऱ्हाऊ नको, बाराचा पाना दे." मी घाईत तेराचा दिला. पाना तसाच बाहेर आला आणि पाठोपाठ माझा उद्धार झाला. त्या दिवसापासून जवळजवळ तीस वर्षं सर माझ्यावर ओरडत आले. गेलं वर्षभर ते ओरडलेले नाहीत. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो, तर तेवढंच डोक्यात येतं.

सरांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं, पण त्यांचा जीव टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या खटक्यांमध्ये. इंजिनातले व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा, तापले की वाढतात, म्हणून इंजिन थंड असताना त्यांच्या डोक्यावर केसभर फट सोडायची. मापाच्या पात्यांच्या जुडीतलं एक पोलादी पातं त्या फटीतून ओढून बघायचं. सर म्हणत, "पातं नव्या वहीच्या पानांतून ओढल्यावानी आलं पायजे. अडलं न्हाई पायजे अन् पळलं बी न्हाई पायजे." फट थोडी जास्त राहिली तर इंजिन टिकटिक वाजतं. कमी राहिली तर गप्प चालतं, आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. सरांचं सांगणं एकच होतं: "वाजणाऱ्या टॅपेटला भिऊ नका. गप झालेल्याला भ्या."

मी नेमकी तीच चूक केली. गेवराईच्या एका बागायतदारांची जीप होती. आवाज बंद करून शाबासकी मिळवावी म्हणून मी सगळी टॅपेटं आवळली. आठ दिवसांत व्हॉल्व्ह जळून जीप परत आली. बागायतदार संतापले होते. सर पुढे झाले आणि म्हणाले, "माजाच हात चुकला मालक." मी मागे मान खाली घालून उभा होतो. बागायतदारांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हसले. "सर, तुमाला खोटं बोलता येत न्हाई," ते म्हणाले. जीप दुरुस्त झाल्यावर त्यांनी आपल्या गोठ्यामागे वर्षानुवर्षं पडलेली दोन आसनांची लाल स्पोर्ट्स कार भेट म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून सरांच्या दारात पाठवून दिली. त्यांच्या भावाने हौसेने मुंबईहून आणलेली ती गाडी होती. आत कोंबड्यांनी अंडी घातली होती.

ती गाडी उभी करायला सरांना सहा वर्षं लागली. आष्टीच्या रस्त्यांवर ती फाट्यापर्यंत जाऊन परत येई, याहून अधिक तिचा काही उपयोग नव्हता. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "सवतीला बी एवढं कुनी जपत न्हाई." पण त्या गाडीने आम्हा विद्यार्थ्यांना एक सण दिला. दरवर्षी नवरात्रातल्या अष्टमीला पहाटे, घरच्या अंगणातली पत्र्याची शेड तापायच्या आत, सर आठही टॅपेटं स्वतः लावत. खंडेनवमीला ती पात्यांची जुडी हळदकुंकू वाहून पूजेत मांडली जाई, त्या दिवशी तिला कुणी हात लावत नसे. आणि दसऱ्याला सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांसमोर इंजिन सुरू होई. पुण्याच्या कंपन्यांत लागलेली पोरंसुद्धा एवढ्यासाठी गावी येत.

आता जे लिहायचं आहे, ते गौरवग्रंथात बसतं की नाही ठाऊक नाही. संपादक मंडळाने 'सर आजही त्याच उत्साहाने कार्यरत आहेत' असं एक वाक्य घालायला सांगितलं आहे. ते माझ्याने लिहवत नाही.

दोनेक वर्षांपासून सरांच्या हाताला कंप सुटला आहे. बोटांची जाणीवही गेली. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की ती परत येणार नाही. तरी गेल्या अष्टमीला सर स्टूल ओढून बसलेच. पातं फटीत घालताना तीनदा चुकलं. मी दुसरीकडे बघत राहिलो. आठवं झाल्यावर म्हणाले, "झाकन तू बसव, मी आंगोळ करून येतो." ते आत गेले आणि मी पातं घालून पाहिलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एग्झॉस्टला, म्हणजे धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, फटच नव्हती. दसऱ्याला पोरांसमोर इंजिन अडखळून सरांची फजिती होऊ नये म्हणून मी भराभर आठही टॅपेटं पुस्तकातल्या मापाने पुन्हा लावली आणि झाकण बसवलं.

दसऱ्याला इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. सर मात्र हसले नाहीत. कान देऊन उभे राहिले आणि चावी काढून घेतली. सगळे गेल्यावर म्हणाले, "ह्यो आवाज माजा न्हाई. मी एग्झॉस्ट कायम केसभर ढिला ठिवतो. ह्यो तुजा हात हाय."

मी म्हणालो, "न्हाई सर, तुमीच लावलेलं हाय."

"तुला बी खोटं बोलता येत न्हाई," ते म्हणाले. चावी खिशात टाकत विचारलं, "किती चुकली व्हती?"

मी म्हणालो, "एकच."

"खरं सांग."

"पाच."

त्या दिवशी त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी आजन्म ऋणी राहिलो असतो. त्यांनी पात्यांची जुडी तेलाच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि घरात निघून गेले. तेव्हापासून गाडीवर ताडपत्री आहे. मी दर रविवारी जातो. सर बाजेवर बसलेले असतात, चहा झाला का विचारतात, पावसाचं बोलतात. मी मुद्दाम माझ्या मोटारसायकलचा नट उलटा फिरवून दाखवला, तरी "बरोबर हाय" म्हणाले. काकू परवा दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "एवढं गप घर मला सोसत न्हाई रं."

मलाही सोसत नाही. माझ्या चुकीवर सरांनी चारचौघांत पांघरूण घातलं, त्याने मी मेकॅनिक झालो. सरांच्या चुकीवर मी चोरून पांघरूण घातलं आणि त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं. त्या पहाटे मी नुसतं "सर, तिसरं बघा" म्हणायला हवं होतं. ते चिडले असते, पुन्हा बसले असते, दुपार झाली असती. होऊ द्यायची होती. आता ही कबुली सगळ्यांसमोर देण्यावाचून माझ्याकडे काही उरलं नाही. गेलेला हात परत येत नाही, हे मलाही कळतं.

सर, येत्या अष्टमीला पहाटे मी जुडी घेऊन अंगणात येणार आहे. ताडपत्री काढीन, झाकण उघडीन आणि स्टूल तुमच्यासाठी मांडीन. तुम्ही बाहेर याल याची मला खात्री नाही. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, शंभरी आमच्यात साजरी होवो, असं सगळे मनापासून म्हणतील, मीही म्हणतो. पण त्या दिवशी मी तुम्हाला तेराचाच पाना देणार आहे. सर, तेवढं एकदा ओरडा.