काळी चार ते पांढरी चार

गेल्या वर्षी जूनमधल्या पहिल्या शनिवारी मी नगरच्या एका वाद्यांच्या दुकानातून चौदा हजार आठशे रुपयांना गिटार घेतली. दुकानात मी, माझी पत्नी आणि दुकानदार असे तिघेच होतो. वरचे आठशे सोडवून घ्यायचा माझा बेत होता. दुकानदाराने एक रुपया सोडला नाही, पण पिशवी आणि कॅपो फुकट दिला. कॅपो म्हणजे गिटारच्या दांडीवर लावायचा चिमटा.

गिटार दिसायला साधी लाकडी आहे, पण तिच्या कुशीत एक छोटा डबा बसवलेला आहे. वायर जोडली की ती स्पीकरमधून वाजते. त्याच डब्यात सूर मोजायचं मीटर आहे. तार बरोबर लागली की हिरवा दिवा लागतो. खरं सांगायचं तर मीटर बघूनच मी ही निवडली. नऊ हजारांच्या गिटारला मीटर नव्हतं, आणि पंचवीस हजारांच्या गिटारीत जास्तीचं जे काही होतं ते मला ऐकू येत नव्हतं.

माझं वय सत्तेचाळीस. भिंगारला लष्कराच्या एका कार्यालयात मी स्टोअरचा हिशेब ठेवतो. गिटार शिकायची इच्छा कॉलेजपासून होती, ती मोटरसायकल, घर, मुलीचं शिक्षण यांच्या मागे सरकत राहिली. त्या दिवशीही दुकानात मी कचरत होतो. पत्नी म्हणाली, "घ्या. घरात कुणीतरी गायला पाहिजे."

तिने हे सहज म्हटलं. पण गाणारी ती होती, आणि तिने गाणं बंद केलं होतं.

आम्ही ख्रिस्ती. माझं गाव तिसगावपासून थोडं आत आहे; आम्ही भिंगारला राहतो, पण सणाला आणि जमेल त्या रविवारी गावी जातो. गावच्या चर्चमध्ये आमचं भजनमंडळ आहे. पेटी, तबला, टाळ, आणि सात-आठ बायका. एकीने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी पत्नी ओळ सांगू लागली. हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक घरात आल्यावर चर्चमध्ये उपकार मानतात त्या दिवशी, पहिलं गाणं तिचंच असायचं. मग तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते, आवाज काही महिन्यांत पूर्ववत होईल. आवाज परत आला, पण वरच्या सुरांना फाटू लागला. एका रविवारी गाण्याच्या मध्यावर ती थांबली आणि खाली बसली. त्यानंतर ती चर्चमध्ये नुसते ओठ हलवायची. शेजारी उभं राहिल्यावर कळतं, आवाज येतो की नाही ते.

मी मोबाईलवर बघून गिटार शिकू लागलो. पहिले काही आठवडे फक्त बोटं दुखली. कामावर जाण्याआधी वाजवायचो तेव्हा शेजारच्या वहिनींनी एकदा पत्नीला विचारलं, "तुमच्याकडे दारं-खिडक्यांचं काम काढलंय का?" ऑगस्टपर्यंत मला तीन कॉर्ड, म्हणजे अनेक तारा एकदम छेडायच्या बोटांच्या तीन ठेवणी, नीट येऊ लागल्या. आमच्या बहुतेक गाण्यांना तीन पुरतात. माझ्यासारख्याला हे फार बरं वाटलं.

गावचं सगळं गाणं पेटीच्या काळी चारमधून चालतं, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा मानून. मी हिशेब केला तर तो चोख निघाला. माझ्या तीन कॉर्ड तशाच ठेवायच्या आणि कॅपो गिटारच्या दांडीवर आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या चौथ्या घरात लावायचा, की काळी चार. तिसऱ्या घरात पांढरी पाच, दुसऱ्यात काळी तीन, पहिल्यात पांढरी चार. कॅपो एक घर खाली आणला की गाणं तेवढंच खाली येतं, बोटं मात्र नवीन काही करत नाहीत.

पत्नी घरी शिवणकाम करते. मशीन चालू असलं की ती गुणगुणते. मशीनच्या आवाजात आपलं कुणाला ऐकू जात नाही असं तिला वाटतं. एका रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत गिटार घेऊन बसलो होतो. ती बाहेर ब्लाऊजला बाही जोडत होती आणि सणाचंच गाणं गुणगुणत होती. मी हळूच चौथ्या घरातून तिच्याबरोबर वाजवून पाहिलं. जमेना. तिसऱ्यात आलो, दुसऱ्यात आलो. पहिल्या घरात कॅपो लावला आणि तिचा आवाज आणि माझी तार एक झाली. वरची ओळ आली तशी ती न अडखळता वर गेली आणि परत खाली आली.

मशीन थांबलं.

"तुम्ही माझ्यामागे वाजवत होता?"

"हो. तुझा आवाज गेलेला नाही. तीन घरं खाली राहायला गेलाय."

"भाडं कोण भरतंय?" ती म्हणाली. मग बाही परत सुईखाली सरकवत, "घरात गुणगुणणं वेगळं. चर्चमध्ये काळी चार आहे."

"चर्चमध्ये पांढरी चार का चालू नये?"

"काकांना विचारा. मी बाही जोडते."

काका म्हणजे माझे चुलते, मंडळाचे पेटीवाले. वय चौऱ्याहत्तर. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी नोकरी केली. पेटी त्यांच्या वडिलांची. दिवाळीनंतर सणाची तालीम सुरू झाली तेव्हा मी गिटार घेऊन गावी गेलो. काका ओट्यावर पेटी पुसत होते. काकू आत भाकरी थापत होत्या.

"आणलं का तुझं खोकं?" काका म्हणाले. "वाजव काळी चार."

मी मीटरवर सहाही तारा हिरव्या करून घेतल्या आणि वाजवू लागलो. काकांनी पेटी उघडली. चार ओळीसुद्धा झाल्या नाहीत, तोच त्यांनी भाता सोडला.

"आरं, हे दोन सूर एकमेकाला चावत्यात."

"काका, माझं बरोबर आहे. दिवा हिरवा आहे." मी मीटर त्यांच्यापुढे धरलं.

"मंग पेटी चूक हाय?"

"किंचित चढी आहे. मीटरप्रमाणे."

"आन गावातल्या समद्या बाया? त्या पेटीसंगं गात्यात. त्याबी चढ्या का?"

मी पुन्हा मीटर बघितलं. माझ्या नोकरीत माप आणि माल जुळला नाही तर माल परत जातो. त्या सवयीने मी पेटी दुरुस्तीला नगरला नेऊ का, असं विचारलं. काकांनी पेटीचं झाकणच लावलं.

आतून काकू म्हणाल्या, "लावा बाबा त्यांच्याच मापानं. न्हाईतर रात्रीचं जेवायचे न्हाईत ते."

मी एकेक खुंटी हळूहळू पिळली आणि पेटीच्या सुराला तारा लावल्या. मीटरचा दिवा लाल झाला. मला ते लाल दिसणं सहन होईना, म्हणून मीटर बंद केलं. आम्ही परत वाजवलं. आता कुठे काही चावत नव्हतं. काकांनी अख्खं गाणं वाजवलं, आणि शेवटी "बरं हाय" म्हणाले. त्यांच्या तोंडून ही फार मोठी पावती.

तेवढ्याने धीर येऊन मी मुद्द्यावर आलो. सणाचं पहिलं गाणं पांढरी चारमधून घ्यावं. तुमच्या सूनबाईचा आवाज तिथे नीट लागतो.

काका भात्याशी चाळा करू लागले. "माझी बोटं काळी चारलाच चालत्यात," ते म्हणाले. "दुसरीकडून वाजवायला गेलो का चुकतो. लोकांम्होरं न्हाई चुकायचं मला या वयात."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की काळी चार हा मंडळाचा नियम आहे.

"आन तिनं काळी चारला गायला पायजे असंबी न्हाई," ते पुढे म्हणाले. "एक गाणं तुमी दोघं घ्या. पेटी बंद ऱ्हाईल."

मी घरी येऊन हे पत्नीला सांगितलं. ती खूश झाली नाही. पेटी बंद ठेवून गायचं म्हणजे काकांना बाजूला बसवल्यासारखं होईल, असं तिचं म्हणणं. दुसरं म्हणणं जास्त सरळ होतं. "पेटीमागे आवाज झाकतो. नुसत्या गिटारवर फाटला तर सगळ्या गावाला कळेल. एकदाच गाईन. फाटला तर पुन्हा मला उभं राहायला सांगू नका. काकांनी नाही, पाळकांनी नाही, तुम्हीही नाही."

मी कबूल केलं. कबूल करताना माझ्या लक्षात आलं की यात माझं काही जाणार नव्हतं, गेलं तर तिचंच जाणार होतं.

सणाच्या दिवशी चर्च बाजरीच्या पाट्या, डांगरं, अंड्यांच्या टोपल्या आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्यांनी भरलं होतं. लोकांनी आणलेल्या या वस्तूंचा प्रार्थनेनंतर लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. सकाळी लवकर जाऊन मी काकांच्या पेटीवर तारा लावून घेतल्या, चर्चच्या स्पीकरला वायर जोडली, एकदा छेडून बघितलं.

पाळकांनी गाणं सांगितलं तेव्हा पत्नी तिच्या रांगेतून पुढे आली. काका पेटीमागे हाताची घडी घालून बसले होते. मी पहिल्या घरात कॅपो लावून सुरुवात केली. पहिला फेरा मी जरा जलद वाजवला. तिने माझ्याकडे बघितलं, मी सावकाश झालो. तिने ओळ सांगितली.

आवाज पूर्वीचा नव्हता. पूर्वीचा पातळ आणि टोकदार होता. हा जाडसर होता, आणि स्थिर होता. वरची ओळ जवळ आली तसा मी तिच्याकडे बघणं टाळून बोटांकडे बघू लागलो. ती वर गेली. आवाज फाटला नाही.

पण मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढच्या क्षणी. बायकांनी ओळ उचलली आणि चर्च भरून गेलं. गेली कित्येक वर्षं वरची ओळ आली की मंडळ बारीक होत जायचं आणि एक-दोन तरण्या पोरींचा आवाज तेवढा राहायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्या लाजतात. आज साठीच्या, सत्तरीच्या सगळ्या जणी वर गेल्या. काकू तर डोळे मिटून गात होत्या. त्या सगळ्यांना काळी चार केव्हाच जड झाली होती. कुणी बोललं नव्हतं, माझी पत्नीही बोलली नव्हती, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलाच आवाज गेला.

प्रार्थना झाली, लिलाव लागला. डांगर गेलं, अंडी गेली, एक कोंबडी दोनदा विकली गेली, कारण घेणाऱ्याने ती परत चर्चलाच दिली. माल संपत आला तेव्हा काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आन ते गाणं? ते लावा की लिलावात. जो घेईल त्यानं म्हणवून घ्यायचं."

लोक हसले. लिलाव पुकारणारा आमच्यातलाच, चर्चच्या खजिनदाराचा भाऊ. त्याने खरंच हात वर केला. "एक गाणं, सकाळचंच. बोला."

"एक्कावन्न," काकू म्हणाल्या.

मागून कुणीतरी शंभर म्हणालं. गावचे दूध डेअरीवाले दीडशे म्हणाले. पत्नीच्या गाण्यावर मी बोली लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी वायर गुंडाळत बसलो. पत्नी गिटारच्या पिशवीशेजारी बसली होती. तिने पदर तोंडाला लावला होता, पण ती हसत होती.

"दोनशे," काकू म्हणाल्या.

डेअरीवाले म्हणाले, "तीनशे. पण पेटीसंगं, काळी चारला."

"काळी चारला मी चाळीस वर्षं वरडले ह्यांच्यापायी," काकू म्हणाल्या. "आता न्हाई. तीनशे एक्कावन्न. सकाळी जसं झालं तसंच, आन मी संगं गाणार."

डेअरीवाल्यांनी हात जोडले. पुकारणाऱ्याने तीनदा विचारलं आणि बोली तोडली.

पत्नी उठली. काकूही उठून तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी वायर जोडत होतो तेव्हा काका पुढे वाकून म्हणाले, "तुझी पांढरी चार कुठली, दाखव." मी पेटीवरची पट्टी दाखवली. त्यांनी एक बोट तिच्यावर ठेवलं आणि दुसरं तिच्या पंचमावर, आणि भाता ओढायला सुरुवात केली. गाणं संपेपर्यंत ती दोन बोटं त्यांनी हलवली नाहीत. चुकायचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या महिन्यापासून मंडळाची अर्धी गाणी खाली घ्यायचं ठरलं. ओळ पत्नीने सांगायची.

त्या दिवशी गाणं झाल्यावर काकूंनी पदराची गाठ सोडली. तिच्यात एक्कावन्न रुपयेच निघाले. त्यांनी काकांपुढे हात केला. खजिनदाराकडे गाण्यापोटी तीनशे एक्कावन्न रुपये भरले गेले. एक्कावन्न काकूंचे, तीनशे काकांचे.