निळ्या रंगातला ‘लाल’

मानसशास्त्राच्या एम.ए.साठी मी ब्राउझरमध्ये चालणारा एक प्रयोग तयार करत होते. पडद्यावर एकेक शब्द येतो: लाल, निळा, हिरवा. पण ‘लाल’ हा शब्द कधी लाल रंगात लिहिलेला असतो, तर कधी निळ्या. शब्दाकडे लक्ष द्यायचं नाही. तो ज्या रंगात दिसतोय, त्या रंगाचा खालचा चौकोन दाबायचा. बोट किती वेळात पडलं ते मिलिसेकंदांत नोंदवलं जातं. विभागातल्या संगणकावर सगळं छान चाललं. साध्या स्मार्टफोनवर मात्र शब्दच उशिरा उमटायचे आणि मोजलेला वेळ खोटा ठरायचा. अख्खा उन्हाळा कूलरसमोर बसून मी तेवढंच दुरुस्त करत होते.

आता नीट चालतंय का, हे बघायला लिंक घरच्यांना पाठवली. उमरेडहून मोठ्या आईचा, म्हणजे माझ्या मोठ्या काकूचा, लगेच फोन आला.

“काहून वं, मले कायले पाठवलं? मले कुठं वाचता येते?”

ती शाळेत गेलीच नव्हती. मुलांच्या पुस्तकांतून अक्षरं ओळखायला शिकली होती, पण कुणी कागद पुढे केला की चष्मा सापडत नाही म्हणायची.

“वाचायचं नाहीच आहे, मोठी आई. फक्त रंग दाबायचा.”

फोन स्पीकरवर ठेवून तिनं सुरुवात केली. थोड्याच वेळात कुरकुर ऐकू येऊ लागली.

“हट्! पुन्हा चुकली. अवं, रंग निळा दिसून राहिला, पण बोट लालकडेच जाते!” शेवटी वैतागली. “पाह्य, म्हटलं होतं ना, मले नाही जमत.”

तोवर तिचे आकडे माझ्या लॅपटॉपवर आले होते. शब्द आणि रंग जुळत होते तिथे बोट झटकन पडलं होतं. जुळत नव्हते तिथे ते थबकलं होतं, पापणी लवावी तेवढंच. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी अंगावर काटा आला. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ‘लाल’ म्हणजे नुसत्या रेघा. त्याचं बोट कशाला अडेल? अडतं ते वाचणाऱ्याचं. वाचन एकदा अंगात मुरलं की ते थांबवता येत नाही.

“मोठी आई, तू चुकलीस, कारण तुला वाचता येतं. नको म्हटलं तरी तू वाचतेस.”



“म्हणजे मी आपोआप वाचून राहिली?”

“हो.”

“कधीपासून वं?” तिनं हळूच विचारलं.

ते माझ्याकडच्या एकाही आकड्यात नव्हतं. मुलांची पुस्तकं चाळताना कुठल्या तरी दुपारी अक्षरं तिच्या आत शिरली होती आणि तिला न सांगता तिथेच राहिली होती.

“परत पाठव बरं,” ती म्हणाली.

तिनं पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा अडखळली. आता मात्र प्रत्येक चुकीला ती मोठ्यानं हसत होती.