प्रभुदासमामांची शंका

प्रभुदासमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी सुलतान बाजारातल्या एका पुस्तकांच्या दुकानात, दुकानदाराची नजर चुकवून, माझंच पुस्तक मागच्या रांगेतून काढून पुढच्या रांगेत ठेवत होतो. हे इथं सांगायची तशी गरज नव्हती. चर्चमधून घरी परतत होतो असं लिहिलं असतं तरी कुणी अडवलं नसतं… पण मामांवर लिहायचं तर निदान पहिलं वाक्य तरी खरं असावं. फोन मामींचा होता. "विलास, बरकतपुऱ्याला ये. मामा चहा घेईनात." मी विचारलं, "नको म्हणतात का?" मामी म्हणाल्या, "काहीच म्हणत नाहीत." हातातलं पुस्तक मी पुढच्या रांगेत ठेवलं की मागच्या, ते आता आठवत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आमची माणसं मूळची जालन्याकडची, मिशनच्या शाळेत शिकून निजामाच्या काळात हैदराबादेत आलेली. मामांनी सारा जन्म अफझलगंजच्या एका गल्लीतल्या मराठी छापखान्यात प्रुफं तपासण्यात काढला. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, चर्चच्या गीतांच्या पुस्तिका, मयताच्या बातम्या, जे येईल ते. पुढं छापखाना बंद झाला तेव्हा मालक म्हणाले, "प्रभुदाससाब, अब गल्तियाँ निकालने की जरूरतच नै. लोगाँ गल्ती के साथ पढ लेते." मामांना हे वाक्य फार लागलं. त्यानंतर ते घरी बसून मिळेल ते तपासू लागले, आणि काहीच मिळालं नाही तर औषधाच्या पाकिटावरचा मजकूर. शर्टाच्या खिशात चर्चलासुद्धा पेन्सिल. पास्टरसाहेब नाताळच्या कार्यक्रमाचा कागद वाटायला लागले की मामांच्या रांगेपाशी त्यांचा हात थोडा अडखळायचा. "विश्वास देवावर ठेवायचा," मामा म्हणायचे, "छापलेल्यावर नाही."

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला लहानपणीच शिकवला होता. अक्षर चुकलं तर तपासणाऱ्यानं दुरुस्त करावं. पण मजकुराच्या अर्थाला हात लावायचा नाही. तिथं काही खटकलं तर समासात बारीक पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचं आणि कागद लिहिणाऱ्याकडं परत पाठवायचा. त्याला म्हणायचं शंका. शंकेचं उत्तर लिहिणाऱ्यानंच द्यायचं, तपासणाऱ्यानं नाही. आणि उत्तर येईपर्यंत मामा त्या कागदावर सही करत नसत. मालक येऊन डोकं आपटून घेत, मशीन थांबलेलं असे, लग्न परवावर आलेलं असे, मामा म्हणत, "विचारून या."

माझं पहिलं पुस्तक निघालं, म्हणजे मीच काढलं, तेव्हा मी व्हिजिटिंग कार्डं छापायची ठरवली. नाव, पत्ता, आणि नावाखाली 'लेखक'. विमा कंपनीत दिवसभर इतरांच्या अपघातांचे अर्ज वाचणाऱ्या माणसाला एवढी हौस असायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. नमुना मामांना दाखवला. त्यांनी नाव तपासलं, पिनकोड तपासला आणि 'लेखक'समोर छोटंसं प्रश्नचिन्ह काढून कार्ड परत दिलं.

"यात काय शंका, मामा? पुस्तक आलंय की."

"आलंय ना. मी कुठं नाही म्हणतो." चष्मा पुसत म्हणाले, "आपण ख्रिस्ती माणसं रे. आपल्यात साक्षीदार असतो. साक्षीदाराचं काम सोपं, दिसलं तेवढं सांगायचं. लेखकाचं मला ठाऊक नाही. त्याला जास्तीचं दिसतं म्हणतात."

"मग शुभवर्तमान कुणी लिहिलं?"

"लिहिलं. पण त्यातल्या कुणी कार्ड छापल्याचं माझ्या वाचनात नाही."

मामी आतून हसल्या. मी रागानं दोनशे कार्डं छापली आणि त्यातली बरीचशी अजून माझ्याकडं आहेत. त्या वेळी मला वाटलं, म्हातारा जळतो. आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचलं, स्वतःचं एक पान नाही… असं वाटून घेणं मला बरंच सोयीचं होतं, आणि पुढं आणखी सोयीचं झालं.

नऊ वर्षांपूर्वी माझी आई गेली. दुपारची वेळ, माझ्या घरी, खोलीत आम्ही दोघंच, मामा आणि मी. मामी आणि माझी बायको स्वयंपाकघरात होत्या. माझी थोरली बहीण, एस्तेरताई, नांदेडला शिक्षिका होती. ती निघाली होती, पण पोहोचली दुसऱ्या दिवशी सकाळी. दारातच तिनं माझे खांदे धरले. "काय म्हणाली रे शेवटी? काही म्हणाली का?" तिचा चेहरा बघून मी म्हणालो, "स्तोत्र म्हणत होती, ताई. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' ते. ते म्हणता म्हणताच गेली." ताई मटकन खाली बसली आणि रडली, पण ते रडणं सुटल्यासारखं होतं. आई शेवटची दोन वर्षं प्रार्थनेला बसत नव्हती, देवावर रुसली होती म्हणा. ताईला त्याचा घोर होता. मामा माझ्या मागंच उभे होते.

तोंडी बोललेलं तिथंच राहिलं असतं. पण मी कार्डवाला माणूस. महिन्याभरानं मी आईवर लेख लिहिला, तो याच पुरवणीत छापून आला आणि तुमच्यापैकी काहींनी पत्रंही पाठवली. त्यात ते स्तोत्र होतंच, शिवाय हलणारे ओठ होते, खिडकीतून तिच्या कपाळावर पडलेला उजेड होता, उशीशी बसलेला मी होतो. पास्टरसाहेबांनी लेख चर्चमध्ये वाचून दाखवला. बाया डोळे पुसत होत्या. बाहेर पडताना मामा माझ्या शेजारी आले आणि हळूच म्हणाले, "उजेड कुठून आला रे? पडदा लावलेला होता." बाकी काही नाही. मला वाटलं, आता हे सांगणार. आज नाही तर पुढच्या रविवारी. त्यानंतर चर्चमध्ये साक्ष द्यायला मामा उभे राहिले की माझ्या पाठीतून घाम उतरायचा. ते देवानं मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कसं सांभाळलं एवढं सांगून खाली बसायचे, आणि मी इतक्या जोरात आमेन म्हणायचो की बायको माझ्याकडं बघायची.

वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण वर्षभरात कबरीवर दगड बसवायची रीत आहे. ताईनं मजकूर तयार केला. नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली, 'स्तोत्र म्हणत प्रभूकडे गेली.' दगडावर कोरायचं म्हणजे चूक चालत नाही, म्हणून कागद अर्थातच मामांकडं गेला. चार दिवसांनी तो पाकिटातून माझ्याकडं आला. ताईकडं नाही, माझ्याकडं. शेवटच्या ओळीसमोर पेन्सिलीचं बारीक प्रश्नचिन्ह. खाली सही नाही.

तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवला. ताईचा फोन आला, "मामांकडून आलं का?" मी म्हणालो, "तपासतायत." पुढच्या वर्षीही तपासतायत. कबरी सजवायच्या दिवशी नोव्हेंबरात सगळं गणगोत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जमायचं, सगळ्यांचे दगड चकचकीत, आणि माझ्या आईची कबर नुसता मातीचा उंचवटा. चुलतभाऊ म्हणायचे, "प्रभुदासमामा हद्द करतात बाबा, एका ओळीला किती वर्षं?" मामा ऐकत उभे असायचे. एकदा ताईनं त्यांना समोरासमोर विचारलं, "मामा, अडलंय कुठं?" मामांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "उत्तर यायचंय." ताईला वाटलं, हे काहीतरी धार्मिक बोलतायत. मला कळलं. मी मेणबत्ती पेटवत राहिलो, वारा नसताना तीन काड्या गेल्या.

आठ-नऊ वर्षं हे चाललं. बिचाऱ्या म्हाताऱ्याला लोकांनी हट्टी म्हटलं, विक्षिप्त म्हटलं, आणि मी ते म्हणू दिलं.

मामा गेल्यावर तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर ताई मला गॅलरीत घेऊन गेली. म्हणाली, "वाईट बोलू नये, पण आता तरी आईचा दगड होईल. त्यांच्या कपाटात तो कागद असेल, तेवढा शोध." मी हो म्हणालो. मग ती खाली रस्त्याकडं बघत म्हणाली, "मला किती दिवस वाटतंय. मामांच्या मनात आईबद्दल काहीतरी सलत होतं. नाहीतर सख्ख्या बहिणीच्या दगडाला कोण अडवतं? त्यांना बघवलं नाही तिचं तसं जाणं."

त्यावरही मी मान हलवली. आणि खरं सांगतो, मामांवर लेख लिहायचाय असं सांगून मी त्यांचं कपाट उघडलं आणि दोन दुपारी तिथं बसलो. कागद तिथं नाही हे मला माहीत होतं. मी दुसरंच शोधत होतो. त्यांनी कुठं लिहून ठेवलंय का? वहीत, डायरीत, मामींच्या नावानं चिठ्ठीत? जुन्या प्रुफांचे गठ्ठे होते, गीतांच्या पुस्तिका होत्या, जागोजागी शंका आणि त्यासमोर कुणाकुणाची उत्तरं. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या गठ्ठ्यांसमोर मांडी घालून बसलो असताना ध्यानात आलं की हा माणूस कधीच सांगणार नव्हता. मी नऊ वर्षं ज्याला घाबरलो तो फक्त वाट बघत होता. खोटं दगडावर जाऊ द्यायचं नव्हतं आणि ताईचा आधारही काढून घ्यायचा नव्हता, म्हणून लोकांची बोलणी त्यानं स्वतःवर घेतली होती. आणि आता ताईच्या मनात तो बहिणीवर जळणारा भाऊ म्हणून राहणार होता.

ताई मामींच्या सोबतीला बरकतपुऱ्यातच राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गेलो आणि तिच्यासमोर ठेवला. "हा माझ्याकडं होता. पहिल्यापासून."

तिनं प्रश्नचिन्ह पाहिलं. "हे काय?"

मी सांगितलं. सगळं. उजेडाचंही. ती हुशार बाई आहे, पस्तीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकल्यात तिनं. शेवटी म्हणाली, "मी त्या एका ओळीवर नऊ वर्षं काढली, विलास. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तेच म्हणत आत गेले मी." मग कागद बाजूला सारून, "मग काय म्हणाली आई? खरं?"

"म्हणाली, दूध झाकून ठेव, मांजर येईल. मामांना म्हणाली. मग डोळे मिटले, आणि अर्ध्या तासानं…"

"आपल्याकडं मांजर कधी होतं?"

"नव्हतं."

ताई माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. विमा कंपनीत मी एखाद्या अर्जाकडं जसा बघतो, तशी. "मग हे तरी खरं कशावरून?" ती म्हणाली.

त्या खोलीत माझ्याशिवाय ऐकणारं माणूस एकच होतं, आणि त्याचा शब्द ताईनं डोळे मिटून मानला असता. मामा गेल्यावर आम्ही काय गमावलं याबद्दल प्रार्थनेत पुष्कळ बोललं गेलं. मला ते नेमकं तेव्हा कळलं.

दगडासाठी आता नवा कागद केलाय. नाव, जन्म, मृत्यू. ताई त्यावर हो म्हणाली, पण माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते.

हा लेख इथवर लिहून झाल्यावर मी बरकतपुऱ्याला नेला. मामांच्या घरात प्रुफं तपासायची एक पद्धत होती. मामी मूळ मजकूर मोठ्यानं वाचायच्या, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं तोंडानं म्हणत, आणि मामा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून छापलेल्या ओळीवर पेन्सिल सरकवत जायचे. ओळ जुळली की "हं". तो हुंकार आला की मामी पुढं जायच्या. चाळीस वर्षं हे असंच. मी कागद मामींच्या हातात दिला तर त्या सवयीनं तसंच वाचायला लागल्या. एकेक वाक्य संपलं की "पूर्णविराम" म्हणून थांबायच्या, खुर्चीकडं न बघता, आणि मग पुढं जायच्या. ताई समोर चटईवर मेथी निवडत बसली होती. दुधाचं वाक्य आलं. मामी थांबल्या, जरा जास्तच थांबल्या. मी मान खाली घातली. ताईनं मेथीतून डोळे वर केले नाहीत. म्हणाली, "पुढं वाचा, मामी."

मामींनी पुढं वाचलं. हा शेवटचा भाग मी त्यानंतर घरी येऊन लिहिलाय. तो कुणी तपासलेला नाही.