पाटीवर बाटलीचं लिहिलं नव्हतं

“हाऊ दारूना तुंबा शे. सरकारनी दवा यामा भरू का?”

असं म्हणून सरकारी दवाखान्याच्या कंपाउंडरनं रुळानं आमचा वाळल्या भोपळ्याचा तुंबा औषधाच्या खिडकीबाहेर ढकलला. खाली पडला, चिरला. रांगेतली माणसं हसली. माझा बापही हसला. त्याचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

दारूचा नव्हता तो. सरकारी औषध भरायचं म्हणून बापानं घरातला कोरा तुंबा काढला होता. राखेनं तीनदा घासला होता. आमच्या पाड्यावर काचेची बाटली असणार कुणाकडे?

आईला हिवताप. बाप आणि काका दीड दिवस तिला झोळीत घालून डोंगरावरून तळोद्याला घेऊन आले. मी मागून चालत. डॉक्टरनं चिठ्ठी दिली, औषध आठ दिवस, दिवसातून तीनदा. आणि खिडकीवर हा.

“बाटली लई ये, नहीतं चालू पड.”

आमच्या आधी नदीकाठचा एक केळीवाला शेतकरी होता. तोही रिकाम्या हातानं आलेला. त्याला ह्याच माणसानं फळीवरची बाटली धुऊन, बूच लावून दिली. मी डोळ्यांनी पाहिलं.

बाप बाजारात बाटली मागत फिरला. दुकानादुकानातून हाकलला. परत आला तेव्हा खिडकी बंद व्हायची वेळ. मी चौथीपर्यंत शिकले होते. भिंतीवरची पाटी वाचली. सर्वांना औषध मोफत. बाटलीचं एक अक्षर नाही! डोकंच फिरलं माझं. त्यानं झडप ओढली तसा मी हात आत घातला. बोटं चेमटली. काढला नाही.

“बाटली नाही. आईच्या तोंडात ओता.”

“येडी शे का तू?”

“तोंडात ओता.”

ओतलं मेल्यानं. एक डोस. मी बापाला म्हटलं, आठ दिवस इथंच राहू, रोज तीनदा आईला खिडकीशी आणू. बाप ऐकेना. झाली तेवढी शोभा पुरे, मरायचं तर घरी मरू दे, म्हणाला. झोळी उचलली. मीही मुकाट मागून गेले. तेरा वर्षांची होते, असं लोक समजावतात. मला त्या समजावण्याचा राग येतो.

पाचव्या दिवशी आई गेली.

डॉक्टर होता, औषध होतं, तेही फुकट. त्या ‘सर्वांना’मध्ये आम्हाला कुणी धरलंच नव्हतं. लाज कंपाउंडरला वाटायला हवी होती, ती वाटली माझ्या बापाला. आई त्या लाजेनं मेली.

आता पाड्यावर कुणी तापानं पडलं की मी सोबत खाली उतरते. औषध किती दिवस, ते डॉक्टरला तोंडावर विचारते. पुरून उरेल इतकं पीठ बांधून आणलेलं असतं. दवाखान्याच्या ओट्यावर चूल मांडते आणि शेवटच्या डोसापर्यंत बसते. हाकलून बघा.