राखून ठेवलेल्या गोळ्या

वेलावरचा सगळ्यांत देखणा दुधी विमलाकाकू कुणाला तोडू देत नसे. ती त्याला खुणेचं फडकं बांधी, वेलावरच वाळू देई आणि बिया राखेत घोळवून बाटलीत भरी. चांगलं ते पुढच्यासाठी, हा तिचा चाळीस वर्षांचा खाक्या. अर्ध्या वसईच्या परसात तिचं बियाणं उगवलं होतं आणि त्याचा तिला तोरा होता.

तिच्या नवऱ्याचा, पांडुरंगाचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा कशी करायची हे विचारेपर्यंत पुढचा नंबर पुकारला गेला होता. मग घरी येऊन पेशंट बघणारी नर्स रिटा तिच्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

विमलाकाकूने गोखिवऱ्यापर्यंतची सात दुकानं पालथी घातली. गोरं व्हायची क्रीम सातही ठिकाणी होती. मॉर्फिनचं नाव काढताच मात्र दुकानदार तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत. शेवटी गोळ्या मुंबईहून आणाव्या लागल्या.

तेवढ्यात भाचा मयूर आला. त्याचं वैद्यकीचं सगळं शिक्षण मोबाइलवर झालेलं.

"मामी, ही तर अफू. मामांना सवय लागेल."

ज्याला डॉक्टरांनी दोन महिनेही सांगितले नव्हते, त्याला व्यसन लागेल म्हणून घरभर काळजी पसरली. शहाळी घेऊन येणारे पाहुणे माना डोलवत. पांडुरंगाला शहाळं गिळवत नसे, म्हणून तेही पाहुणेच पीत.

विमलाकाकूने मधला मार्ग काढला. चार-चार तासांनी एक गोळी सांगितली होती, ती दिवसाला एकच देई. पांडुरंग विव्हळला की पाय चेपत म्हणे, "अजून थोडं सोसा. पुढे लागतील." तो सोसायचा. हिने राखून ठेवलं म्हणजे भल्यासाठीच, हे तोही चाळीस वर्षं बघत आला होता.

दोन आठवड्यांनी रिटा आली आणि तिने गोळ्या मागितल्या. विमलाकाकूने फळीवरून, वाल आणि पडवळाच्या बियांमधून, बाटली काढून मोठ्या ऐटीत पुढे केली.

"काकू, या संपायला हव्या होत्या."

"जास्त दुखेल तेव्हासाठी ठेवल्यात."

रिटाने खाटेकडे पाहिलं. पांडुरंगाने उशीचा कोपरा दातांत धरला होता.

"याहून जास्त म्हणजे कसं, काकू?"

रिटाने डॉक्टरांना फोन लावून विचारलं आणि गोळी दिली. तासाभराने पांडुरंगाने पाय सरळ केले. कित्येक दिवसांत तो पाठीवर निजला नव्हता.

"परसातल्या शेवंतीला पाणी दिलंस?" त्याने विचारलं. मग फळीकडे बघत म्हणाला, "हे औषध घरातच होतं?"

ती खोटं बोलू शकली असती.

"होतं," ती म्हणाली. शरमेने तिला वर बघवेना.

त्याने तिचा हात धरला. त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

चार तासांनी मयूर शहाळं घेऊन दारात उभा होता आणि विमलाकाकू बाटली उघडत होती.

"मामी, परत? सवय लागेल मामांना."

"लागू दे," ती म्हणाली आणि गोळी पांडुरंगाच्या जिभेवर ठेवली.