कुरवाची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. एका पक्ष्यावरून एवढं, असं तुम्ही म्हणाल. हो, पक्ष्यावरूनच.

मी बीडमध्ये भूगोलाचे क्लास घेतो आणि रविवारी आमच्या गटाबरोबर पालीच्या धरणावर पक्षी बघतो. गटात बालाजी होता — मेडिकलवाला, माझा जुना दोस्त. एकदा मी नदीवरच्या साध्या सुरय पक्ष्याला समुद्रावरचा सुरय म्हणालो. चुकलो. कोण चुकत नाही? पण मांजरसुंब्याच्या ढाब्यावर, सगळ्यांदेखत, बालाजी मांडीवर थाप मारून ओरडला, "बीडात समुद्र कवा आला बे, मास्तर?" झालं — मी 'समुद्र मास्तर' झालो. नाव क्लासपर्यंत पोचलं. पोरं फळ्यावर लाटा काढून ठेवायची. मी हसत पुसायचो आणि आतून जळायचो. तेव्हाच मी डूख धरला.

मग एका हिवाळ्यात धरणावर कुरव उतरला. हा समुद्रकाठचा पक्षी, वाट वाकडी करून आमच्याकडे येतो. त्यात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा अशा दोन जाती — पण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच! बसलेला असला की भलेभले फसतात. उडाला की पंख सांगतो. तपकिरीचं टोक काळं, त्यात पांढरे ठिपके. काळ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी. आमच्याकडे तोवर तपकिरीच दिसलेला. बालाजी म्हणाला, हा काळा.

काठावर आम्ही दोघंच होतो. कुरव उडाला. बालाजीचा कॅमेरा वर येईपर्यंत लांब गेला. पांढरी कड मी — मी स्वच्छ पाहिली.

आमच्या गटाचा नियम आहे: दुर्मिळ पक्ष्याला दुसऱ्या डोळ्यांची साक्ष लागते, नाहीतर नोंद नाही. ढाब्यावर बालाजी सगळ्यांसमोर म्हणाला, "सांग की, तूबी पायलंस न्हवं?"

मी सावकाश चहा ढवळला. मला काळं टोक दिसलं, म्हणालो.

सगळे हसले. मेडिकलवाल्याला चष्मा द्या, कुणीतरी म्हणालं. बालाजी हसला नाही. आणि तो चहा — काय सांगू, लई गोड लागला! त्यानंतर बालाजी आमच्यात आला नाही. धरणाच्या पलीकडच्या काठावर एकटाच दिसायचा.

पुढच्या हिवाळ्यात कुरव पुन्हा आला. या वेळी मी एकटा होतो. पांढरी कड दिसली आणि मी ढाब्यावर जाऊन छाती फुगवून सांगितलं — जिल्ह्यातला पहिला काळ्या डोक्याचा! साक्ष कुणाची? धरणाच्या पलीकडच्या काठावर तेव्हा बालाजी होता, एवढं मला सांगावं लागलं. कुणीतरी त्याला फोन लावला, स्पीकरवर. मी मान खाली घातली. आता हा उट्टं काढणार. मी असतो तर काढलंच असतं.

"हाय ना. पांढरी कड मीबी पायली. मास्तर बराबर हाय." फोन बंद झाला.

पाठीवर थापा पडल्या. पहिला कुरव खरं तर बालाजीचा, हे सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी चहा मागवला. नोंद माझ्या नावावर आहे.

लाज वाटली का? नाही. राग आला. त्यानं खोटं बोलायला हवं होतं — मग आमची फिट्टंफाट झाली असती. तेवढंही त्यानं होऊ दिलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.